कॉम्प्लेक्स म्हणून गाळलं, हायड्रॉक्साइड निघालं: शिफ बेसच्या धातू-संकुलांतला नेहमीचा बिघाड

तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला बहुतेकांच्या वाट्याला हेच काम येतं. सॅलिसाल्डिहाइडपासून शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून होणारं संयुग) करायचा, त्याची कॉपर, निकेल, कोबाल्ट, झिंक यांच्याशी संकुलं (कॉम्प्लेक्स) करायची आणि जंतूंवर परीक्षा घ्यायची. रंगीत साका बसला की कॉम्प्लेक्स झालं असं धरून पुढची कामं सुरू होतात. पण कित्येकदा तो साका धातूच्या हायड्रॉक्साइडचा असतो. घोळ उघडा पडतो तो सहा महिन्यांनी, बाहेरून सीएचएनचा (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनच्या टक्केवारीचा) रिपोर्ट आल्यावर. खाली दिलेल्या बहुतेक तपासण्यांना कॉलेजच्या लॅबबाहेर जावं लागत नाही. आकडे सॅलेन (२ सॅलिसाल्डिहाइड + १ इथिलीनडायअमाइन, रेणुभार २६८.३) आणि त्याच्या कॉपर कॉम्प्लेक्सचे (रेणुभार ३२९.८५) आहेत. लिगँड (धातूला धरणारा रेणू, इथे शिफ बेस) वेगळा असेल तर रेणुभार बदलून घ्या, क्रम तोच ठेवा.

लक्षणं

- धातूच्या क्षाराचं द्रावण ओतताच निळसर किंवा पोपटी, थलथलीत साका बसतो. फिल्टर पेपर चोंदतो, अर्धा तास पंप चालवला तरी केक ओलाच राहतो.
- यील्ड १०० टक्क्यांच्या वर जातं. (हे पाहून खूश होणारेही असतात!)
- फ्लास्कच्या तळाशी गुळाच्या पाकासारखा चिकटा बसतो, पूड होतच नाही.
- एकाच कृतीच्या दोन बॅचना दोन रंग येतात.
- पूड १२५ ते १२८ अंशांना वितळते. तो सॅलेनचाच वितळणबिंदू आहे; कॉपर कॉम्प्लेक्स ३०० अंशांच्या आत वितळत नाही.
- जंतूंच्या प्लेटवर कॉम्प्लेक्सचा आणि साध्या कॉपर ॲसिटेटचा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) सारखाच दिसतो. किंवा झोनच नाही, फक्त वेलभोवती (द्रावण घालायच्या खळग्याभोवती) रंगीत कडं.

आधी चिमूटभर पूड तपासा

या तपासणीला पाच मिनिटं लागतात, म्हणून ती पहिली. पांढऱ्या टाइलवर चिमूटभर पूड घेऊन १० टक्के ॲसेटिक ॲसिडचे चार थेंब टाका. पूड काही सेकंदांत विरघळून फिकट निळं पाणी झालं तर ते हायड्रॉक्साइड आहे. बुडबुडे आले तर बेसिक कार्बोनेट. कॉपर ॲसिटेटपासून कॉम्प्लेक्स होताना फ्लास्कमध्ये ॲसेटिक ॲसिडच सुटतं. खरं कॉम्प्लेक्स त्यातच जन्मलेलं असतं, ते चार थेंबांना घाबरत नाही. निकेललाही ही परीक्षा चालते. झिंकच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका, त्याची संकुलं मुळातच नाजूक असतात. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका, ते चांगल्या कॉम्प्लेक्सलाही तोडतं.

दुसरी चिमूट परीक्षानळीत ५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळा. कॉपर हायड्रॉक्साइड उकळत्या पाण्यात काळपट होतं, कारण पाणी गमावून त्याचं ऑक्साइड बनतं. कॉम्प्लेक्सचा हिरवा रंग तसाच राहतो. तिसरी चिमूट डीएमएफमध्ये (डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात) टाका. कॉम्प्लेक्स रंगीत द्रावण देतं, हायड्रॉक्साइड गाळासारखं तळाशी बसून राहतं.

तिन्ही परीक्षा उतरल्या तरी पूड शुद्ध आहे असं नाही, एवढंच की ती निव्वळ हायड्रॉक्साइड नाही.

वजनाचा हिशेब

बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचा. निर्जल क्षाराचा रेणुभार धरून स्फटिकजल असलेला क्षार तोलणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. ५ मिलिमोलसाठी कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट १.०० ग्रॅम लागतं. निर्जल धरून ०.९१ घेतलं तर तूट ९ टक्के. निकेल ॲसिटेट टेट्राहायड्रेट १.२४ ग्रॅम लागतं, निर्जल धरलं तर ०.८८ येतं. म्हणजे जवळपास २९ टक्के लिगँड बिनकामाचा उरतो आणि कॉम्प्लेक्ससोबत खाली बसतो. लिगँड १.३४ ग्रॅम, कॉपर कॉम्प्लेक्सचं सैद्धांतिक यील्ड १.६५ ग्रॅम. १.९ ग्रॅम आलं तर आनंद करू नका. त्यात पाणी, क्षार किंवा हायड्रॉक्साइड आहे.

क्लोराइड वापरत असाल तर पावसाळ्यात विशेष जपा. झिंक क्लोराइडची बाटली जुलैत गडचिरोलीकडच्या हवेत उघडी राहिली तर तोलायला पावडर उरत नाही, पाणी होतं. ॲसिटेट घ्या, निम्म्या कटकटी तिथेच मिटतात.

पाणी

विदर्भात हा मुद्दा टाळून चालत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. बायकार्बोनेटमुळे पाणी अल्कधर्मी होतं. अशा पाण्यात कॉपर ॲसिटेट विरघळवलं की लिगँड भेटायच्या आधीच हिरवट बेसिक कार्बोनेट बसू लागतं. फ्लास्क त्या पाण्याने विसळून तसाच वापरला तरी थोडाफार हाच प्रकार होतो.

कॅनमधलं आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे, त्यात क्षार असतातच. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं पाणी काचसामान विसळायला चालतं, पण तेही तपासून घ्या. परीक्षानळीत थोडं पाणी, दोन थेंब पातळ नायट्रिक ॲसिड, दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे, ते पाणी प्रयोगाला नको.

पीएच

बिघाडाचं मूळ बहुधा इथेच सापडतं. लिगँडच्या फिनॉलमधला हायड्रोजन निघाला तरच धातू ऑक्सिजनला धरतो. तो निघायला बेस लागतो, आणि जास्त बेस झाला की धातू लिगँडला सोडून हायड्रॉक्साइडकडे जातो. पीएच ५ ते ६ च्या पुढे कॉपर हायड्रॉक्साइड म्हणून खाली येऊ लागतं, निकेल आणि कोबाल्ट ७ ते ८ च्या सुमारास. फेरिक लोह तर २ ते ३ लाच.

ॲसिटेट क्षारात बेस आधीच असतो आणि सुटलेलं ॲसेटिक ॲसिड पीएच सांभाळतं. त्यात वेगळा बेस घालू नका. क्लोराइड वापरलं तर एका मोल कॉम्प्लेक्समागे २ मोल हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. पीएच उतरतो आणि शिफ बेस परत अल्डिहाइड आणि अमाइनमध्ये फुटतो, म्हणून २ मोल सोडियम ॲसिटेट घाला. कॉस्टिक सोडा घालू नका.

कितीतरी प्रबंधांत ‘अमोनियाने पीएच ७.५ ते ८ केला’ हे वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं दिसतं. अमोनिया स्वतःच लिगँड आहे. कॉपरसोबत तो गडद निळं अमाइन संकुल करतो आणि तुमच्या लिगँडशी स्पर्धा लावतो. ही कृती डोळे मिटून करू नका.

पीएच पेपर पुरेसा आहे. मिश्रणातला एक थेंब काचकांडीने काढून डिस्टिल्ड वॉटरने ओलावलेल्या पेपरवर टेकवा. अल्कोहोलमधला आकडा नेमका नसतो, पण ५ आहे की ९ हे कळतं.

ओतणं, उकळणं आणि नवतपा

कॉपर ॲसिटेट मिथेनॉलमध्ये फार कमी विरघळतं. १ ग्रॅमला १५ मिली कोमट (५० ते ६० अंश) डिस्टिल्ड वॉटर घ्या. उकळू नका, उकळलं की बेसिक ॲसिटेट होऊन द्रावण गढूळ होतं. झालंच तर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब टाका, निवळतं. सॅलेन १.३४ ग्रॅम, ५० मिली गरम इथेनॉलमध्ये. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, म्हणून बरेच जण मिथेनॉल घेतात. चालतं, पण ते ६४.७ अंशांना उकळतं हे लक्षात ठेवा.

धातूचं द्रावण लिगँडमध्ये ओतायचं, उलट नाही. १५ ते २० मिनिटं, थेंब थेंब, ढवळत. एकदम ओतलं की जिथे पडलं तिथे धातू दाट होतो आणि साका लिगँडला पोटात घेऊन बसतो. चिकट्याचं नेहमीचं कारण हेच.

दुसरं कारण कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून परत फ्लास्कमध्ये पाडणारी नळी. मे महिन्यात, नवतप्याच्या नऊ कडक दिवसांत तर हमखास, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्याइतकं तापलेलं असतं. त्यावर तीन तास मिथेनॉल रिफ्लक्स केलं (कंडेन्सर लावून उकळत ठेवलं) तर वाफ वरून निसटते आणि फ्लास्कमध्ये पाक उरतो. बादलीत बर्फ टाका आणि कूलरचा पंप त्यात सोडून पाणी कंडेन्सरमधून फिरवा. कूलरचा पंप विदर्भात कुठल्याही बाजारात मिळतो आणि नळाच्या पाण्याचीही बचत होते. फ्लास्कवर मार्करने पातळीची खूण करा. पातळी पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरली तर गार द्रावक भरा. सोय असेल तर काम सकाळी सहाला सुरू करा.

लोडशेडिंगमुळे उकळी थांबली तर परत सुरू करताना पोर्सलीनचे तुकडे नवे टाका. एकदा थंड झालेल्या तुकड्यांच्या छिद्रांत द्रव भरतो, मग ते काम करत नाहीत आणि द्रावण उसळतं. नवे तुकडे थंड फ्लास्कमध्येच टाकायचे. गरम द्रावणात टाकले तर सगळं उतू जातं.

चिकटा झालाच तर फेकू नका. द्रावक निथळून काढा, थंड पेट्रोलियम ईथर (६०–८०) घाला आणि काचकांडीने भिंत घासत राहा. बऱ्याचदा अर्ध्या तासात पूड सुटते.

बाटल्यांचं वय

सॅलिसाल्डिहाइड ताजं असताना जवळजवळ बिनरंगी ते फिकट पिवळं असतं. तपकिरी झालं असेल तर त्यात सॅलिसिलिक ॲसिड तयार झालेलं असतं. इथिलीनडायअमाइनच्या बुचाभोवती पांढरी खपली दिसली तर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा घेतला आहे. मग मापलेले ०.६७ मिली म्हणजे १० मिलिमोल राहत नाहीत. सॅलेन चांगलं झालं की नाही हे वितळणबिंदूच सांगतो. १२० च्या खाली किंवा लांबत वितळलं तर गरम इथेनॉलमधून परत स्फटिक करा. खराब लिगँडवर धातू घालून काही सुधारत नाही.

कोबाल्टचं वेगळं आहे. कोबाल्ट सॅलेन हवेतला ऑक्सिजन धरतं, हे त्सुमाकी यांनी १९३८ मध्येच दाखवलं होतं. नायट्रोजनचं सिलिंडर नसेल तर कोबाल्टच्या दोन बॅच सारख्या येणारच नाहीत. यादीतून कोबाल्ट काढा, कॉपर-निकेल-झिंकवर काम करा. चार धातू हवेतच असा नियम कुठे नाही.

धुणं आणि वाळवणं

आधी थोडं डिस्टिल्ड वॉटर (उरलेल्या क्षारासाठी), मग थंड मिथेनॉल (लिगँडसाठी). किती वेळा धुवायचं ते धुणीच सांगते. पाण्याच्या धुणीत अमोनियाचे दोन थेंब टाका, गडद निळी झाली तर कॉपर अजून निघतंय. निकेलला डायमिथाइलग्लायऑक्झिम आणि थोडा अमोनिया, लाल झालं तर पुन्हा धुवा. मिथेनॉलच्या धुणीत फेरिक क्लोराइडचा थेंब गडद रंग देत असेल तर फिनॉलवाला लिगँड अजून निघतोय.

शेवटी डायइथाइल ईथरने धुवा असं कृतीत लिहिलेलं असतं. ते ३४.६ अंशांना उकळतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात लॅबचंच तापमान त्याच्या वर असतं. बाटली उघडताच वाफ पसरते आणि जवळ स्टोव्ह किंवा ठिणगी असेल तर आग. उन्हाळ्यात पेट्रोलियम ईथरच वापरा.

डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर तिने पूड वाळत नाही. ११० ते १२० अंशांवर परत निळी होईपर्यंत तापवा. (ती निळाई-गुलाबी कोबाल्टचीच. संकुलाचा रंग पाण्याने कसा बदलतो याचा नमुना डोळ्यांसमोर असतो, पण सहसा कोणी त्याकडे पाहत नाही.)

राख: जिथे खरी गाठ सुटते

सीएचएनचा रिपोर्ट येतो आणि कार्बन ३ टक्के कमी निघतो. मग लगेच ‘एक रेणू पाणी आहे’ असं लिहून सूत्र जुळवलं जातं. ही जुळवणी किती फसवी आहे ते बघा. शुद्ध कॉपर सॅलेनमध्ये कार्बन ५८.२६ आणि नायट्रोजन ८.४९ टक्के. एक रेणू पाणी धरलं तर ५५.२४ आणि ८.०५. आता पाणी नाही, पण पुडीत ५ टक्के कॉपर हायड्रॉक्साइड मिसळलंय असं धरा: कार्बन ५५.३५, नायट्रोजन ८.०७. सीएचएनमध्ये ०.४ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात, म्हणजे कार्बन-नायट्रोजनवरून हे दोन्ही ओळखू येत नाहीत. हायड्रोजनमध्ये थोडा फरक पडतो (४.६४ आणि ४.१७), पण ओलावा असला की तोही भरवशाचा राहत नाही.

निवाडा धातू करतो. पाणीवाल्या कॉम्प्लेक्समध्ये कॉपर १८.२७ टक्के, हायड्रॉक्साइड मिसळलेल्या पुडीत २१.५६. एकीकडे शुद्धाच्या १९.२७ पेक्षा कमी, दुसरीकडे जास्त. हे मोजायला फक्त मफल भट्टी आणि चांगला तराजू लागतो. सिलिका क्रुसिबल तापवून, थंड करून वजन स्थिर करा. ०.२०० ग्रॅम वाळलेली पूड घ्या. आधी मंद आचेवर, झाकण तिरपं ठेवून जळू द्या; घाई केली तर पूड धुरासोबत उडते आणि आकडा खोटा येतो. मग ७०० अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत तापवा. काळं कॉपर ऑक्साइड उरेल. शुद्ध असेल तर ०.०४८२ ग्रॅम, एक पाणी असेल तर ०.०४५७, ५ टक्के हायड्रॉक्साइड असेल तर ०.०५४०. तीनदा करा. तराजू चौथ्या दशांशापर्यंत दाखवणारा हवा.

जाळण्याआधी परक्लोरिक ॲसिड घालायची पद्धत काही ठिकाणी लिहिलेली असते. सेंद्रिय पदार्थासोबत ते स्फोट करतं. साध्या लॅबमध्ये अजिबात नाही.

कंडक्टन्स आणि आयआर

डीएमएफमध्ये ०.००१ मोलर द्रावण, म्हणजे ५० मिलीत ०.०१६५ ग्रॅम. कॉपर सॅलेनवर भार नाही, त्यामुळे मोलर कंडक्टन्स (द्रावणाची वीजवाहकता) अगदी कमी यायला हवा. ६५ ते ९० Ω⁻¹ सेमी² मोल⁻¹ आला तर एकास-एक आयनी क्षारासारखं वागतंय. आधी नुसत्या डीएमएफचं रीडिंग घ्या. जुन्या डीएमएफला माशासारखा वास येतो. ते फुटून डायमिथाइलअमाइन तयार झालेलं असतं आणि नुसत्या द्रावकाचंच रीडिंग वर जातं. आणखी एक खोच अशी की हायड्रॉक्साइड विरघळतच नाही, म्हणून त्याने कंडक्टन्स वाढत नाही. तळाशी गाळ असताना कमी आलेलं रीडिंग चांगलं समजू नका.

आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) ३४०० सेमी⁻¹ ला रुंद पट्टा दिसला की ‘कोऑर्डिनेटेड वॉटर’ लिहितात. पावसाळ्यात तो पट्टा पोटॅशियम ब्रोमाइडच्या ओलाव्याचाही असतो. बघायचं ते १६३० च्या आसपासच्या कार्बन-नायट्रोजन पट्ट्याकडे. तो १० ते ३० ने खाली सरकला का, आणि फिनॉलचा १२८० जवळचा पट्टा वर गेला का. १६६० ला उरलेला पट्टा अल्डिहाइडचा.

निकेल असेल तर गाऊय बॅलन्स (पूड चुंबकाकडे किती ओढली जाते ते मोजणारा तराजू) एका वाचनात सांगतो. चौकोनी सपाट निकेल सॅलेन प्रतिचुंबकी असतं, चुंबकाकडे ओढलं जात नाही. ३ बोर मॅग्नेटॉनच्या (चुंबकत्वाचं एकक) जवळ आकडा आला तर निकेलचा क्षार किंवा हायड्रॉक्साइड उरलंय.

झोन खोटा का येतो

पूड खात्रीची झाल्यावरच प्लेट लावा. नुसतं डीएमएसओ (पूड विरघळवायचा द्रावक), लिगँड, धातूचा क्षार आणि ओळखीचं अँटिबायोटिक, एवढी नियंत्रणं प्रत्येक प्लेटवर हवीत. तुलना मिलिग्रॅमला मिलिग्रॅम नको, मोलला मोल हवी. कॉपर ॲसिटेटमध्ये ३१.८ टक्के कॉपर, कॉम्प्लेक्समध्ये १९.३. समान वजनात क्षाराचं पारडं जड असणारच. १० मिली डीएमएसओत कॉम्प्लेक्स ०.०१६५, क्षार ०.०१००, लिगँड ०.०१३४ ग्रॅम घेतलं की तिन्ही ५ मिलिमोलर होतात. द्रावण त्याच दिवशी करा.

म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड, पीएच ७.२ ते ७.४. जंतूंचं प्रमाण ०.५ मॅकफार्लंड: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड डायहायड्रेटचं ०.०५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक ॲसिडचं ९.९५ मिली मिसळून तेवढा गढूळपणा जुळवायचा. साधा इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. खोली ४४ अंशांवर असताना तो ३५ ला राहू शकत नाही. उन्हाळ्यात थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटरच हवा, नाहीतर जंतू उष्णतेने मंदावतात आणि श्रेय कॉम्प्लेक्सला जातं.

वेलभोवती रंगीत कडं म्हणजे कॉम्प्लेक्स अगारमधल्या पाण्यात साकळून तिथेच बसलं, पुढे सरकलंच नाही. त्यावरून ते निष्क्रिय ठरत नाही. ब्रॉथ डायल्यूशनने (द्रव माध्यमात पातळ करत जाऊन) एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण, काढा. ६ मिमीच्या डिस्कभोवती ‘६ मिमी झोन’ म्हणजे शून्य. तक्त्यांत तो सक्रियता म्हणून सर्रास दिसतो. आणि क्षाराचा झोन कॉम्प्लेक्सइतकाच असेल तर ट्वीडींचा चेलेशन सिद्धांत (लिगँडने धरलेला धातू जंतूच्या पडद्यातून जास्त सहज शिरतो) लिहून उपयोग नाही. तिथे सुटं कॉपर काम करत असण्याचीच शक्यता जास्त.

इथे थांबा

राख, कंडक्टन्स आणि आयआर एकमेकांशी जुळत नसतील आणि तीन ताज्या बॅचनंतरही तसंच असेल, तर लॅबमध्ये आणखी करण्यासारखं काही उरत नाही. विद्यापीठाच्या उपकरण केंद्राकडे किंवा आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सुविधेकडे टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते), ईपीआर (धातूवरच्या सुट्या इलेक्ट्रॉनची चाचणी) आणि शक्य असल्यास सिंगल क्रिस्टल एक्स-रेसाठी नमुना पाठवा. रचनेवर शेवटचा शब्द क्रिस्टलचाच.

धातूंचे परक्लोरेट क्षार कृतीत असतील तर काम सुरूच करू नका. सेंद्रिय लिगँडसोबत ती पूड खरवडतानाही फुटू शकते. दवाखान्यातून आणलेले जंतू रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये वाढवू नका. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहातून प्रमाणित कल्चर मागवा आणि प्लेटचं काम सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे द्या, ऑटोक्लेव्ह आणि कल्चर नष्ट करायची सोय त्यांच्याकडे असते. निकेल-कोबाल्टच्या धुण्या नालीत ओतू नका. कॉस्टिक सोड्याने हायड्रॉक्साइड म्हणून बसवा, गाळा आणि वाळवून बंद बाटलीत लेबल लावून ठेवा. प्रयोगात नको असलेलं हायड्रॉक्साइड इथे मात्र मुद्दाम करायचं.

नमुना पाठवताना पूड काचेच्या छोट्या व्हायलमध्ये भरून बूच पॅराफिल्मने बंद करा, प्लास्टिकच्या पुडीत नको. लेबलवर अपेक्षित सूत्र, वाळवण्याचं तापमान आणि राखेवरून आलेली धातूची टक्केवारी लिहा. चाचणी करणाऱ्याला पाणी शोधायचं की हायड्रॉक्साइड, हे त्यावरून आधीच कळतं.